डॉक्टर येण्यापूर्वी

आमच्या आठवीच्या वर्गात एक माणूस दर वर्षी मरायचा. त्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं, आजार कुठला तेही कधी कळलं नाही. सर फळ्यावर लिहायचे, 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम', आणि त्याखाली मराठीत, 'डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मरण पावला होता.' आम्ही चाळीस-बेचाळीस मुलं मान खाली घालून ते वहीत उतरवून घ्यायचो. माझ्या मोठ्या बहिणीच्या वहीतही तो तसाच मेलेला होता आणि धाकट्या भावाच्या वहीतही पुढे मेला. एकदा पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, डॉक्टर लवकर आले असते तर?" सर खडू खाली ठेवून म्हणाले, "मग हॅड लागलं नसतं."

ते उत्तर किती नेमकं होतं, हे कळायला मला पुढची वीसेक वर्षं लागली.

आम्ही मराठी माध्यमाची मुलं. तेव्हा इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून आलं ते २००० साली, आम्ही शाळा सोडून गेल्यावर. त्यामुळे पाचवीत ए बी सी डी आणि आठवीत एकदम बारा काळ, असा सगळा घाईचा मामला. सरांनी त्यावर तोड काढलेली होती. हॅव किंवा हॅज दिसलं की 'आहे'. हॅड दिसलं की 'होता'. विल हॅव दिसलं की 'असेल'. क्रियापदाचं तिसरं रूप पाठ करायचं: गो-वेन्ट-गॉन, ईट-एट-ईटन, राइट-रोट-रिटन. पाढ्यांच्या चालीवर आम्ही ती रूपं म्हणायचो आणि खरं सांगते, अजूनही 'ड्रिंक'चं तिसरं रूप हवं असलं की मला पहिल्या रूपापासून सूर लावावा लागतो.

मी जेवलो आहे, आय हॅव ईटन. मी जेवलो होतो, आय हॅड ईटन. मी जेवलो असेन, आय विल हॅव ईटन. मराठीच्या तासाला हेच तीन काळ पूर्ण वर्तमान, पूर्ण भूत आणि पूर्ण भविष्य म्हणून शिकवले जायचे. दोन भाषा अशा एकीवर एक ठेवल्या की कोपऱ्याला कोपरा जुळतो, असंच वाटायचं. परीक्षेत तर जुळायचाच. सरांना मी नावं ठेवणार नाही. त्या सूत्रावर माझ्यासकट कितीतरी मुलं पास झाली. पण कोपरे जुळत होते त्याचं एक कारण असं की, मराठी व्याकरणाची ही मांडणीच मुळात इंग्रजी व्याकरण समोर ठेवून झालेली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं. एकाच शिंप्याने बेतलेले दोन सदरे, मापं जुळणारच. अंगं मात्र वेगळी होती.

आता मी स्वतः शिकवते. संध्याकाळी सात ते साडेआठ, आमच्या पुढच्या खोलीत, सतरंजीवर. येणारे सगळे मोठे लोक. एमआयडीसीत काम करणारी दोन मुलं, इंग्लंडला जायची खटपट करणारी एक नर्स, नातवाशी बोलता यावं म्हणून येणारे एक निवृत्त काका, आणि अधूनमधून कुणीकुणी. हे लोक मला 'मॅडम' म्हणतात आणि मी काकांना 'काका' म्हणते. त्यामुळे त्यांची चूक काढताना माझीच जीभ अडखळते.

पहिल्याच आठवड्यात त्यातल्या एका मुलाने कंपनीतला किस्सा सांगितला. परदेशातल्या साहेबांशी फोनवर बोलताना तो म्हणाला, 'आय हॅड सेन्ट द मेल यस्टरडे.' पलीकडे शांतता. साहेब थांबून राहिले. मग म्हणाले, 'अँड?' याला कळेना, अँड काय? मेल पाठवली होती, विषय संपला. 'मॅडम, त्यांना वाटलं मी आणखी काहीतरी सांगणार आहे.'

बरोबरच वाटलं त्यांना. इंग्रजी 'हॅड' एकटं राहत नाही. ते दुसऱ्या घटनेच्या पाठीशी उभं राहणारं रूप. रोगी मेला होता, कधी? डॉक्टर आले त्याच्या आधी. गाडी सुटली होती, कधी? मी स्टेशनवर पोचलो त्याच्या आधी. हान्स रायखेनबाख नावाच्या तत्त्वज्ञाने १९४७ साली हे तीन बिंदूंत मांडलं: घटना घडली तो क्षण, आपण बोलतो तो क्षण, आणि या दोहोंखेरीज आणखी एक, जिथे उभं राहून आपण घटनेकडे पाहतो तो क्षण. 'हॅड'मध्ये आपण डॉक्टरबरोबर दारात उभे असतो आणि तिथून मागे पाहतो. दारात कुणीच आलेलं नसेल तर मागे पाहणार कुठून? म्हणून ते साहेब थांबले. रोगी तर गेला, डॉक्टर कुठे आहेत, असं त्यांना विचारायचं होतं.

पण मग आपण मराठीत 'होतो' एवढं सर्रास का म्हणतो? 'काल मी पुण्याला गेलो होतो.' पुढे काहीच नाही. ऐकणाराही 'बरं' म्हणतो.

यावर मी बरेच दिवस विचार करत होते आणि उत्तर मिळालं ते जिन्यात. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे कुरिअरवाला आला होता." मी चाल मंद केली. त्या 'आलाय' म्हणाल्या असत्या तर मी दोन-दोन पायऱ्या चढून धावले असते. कुरिअरवाल्याचं येणं दोन्ही वाक्यांत घडलेलंच आहे. फरक तो आत्ता दारात आहे की नाही याचा. 'आला होता' म्हणजे आला आणि गेला. 'पुण्याला गेलो होतो' म्हणजे गेलो आणि परत आलो. आपलं 'होता' घडलेल्या गोष्टीचा परिणाम पुसून टाकतं, निदान पुसलाय असं सुचवतं. 'खिडकी उघडली होती' म्हटलं की ती आता लावलेली असणार. इंग्रजीतलं 'हॅड' यातलं काही सांगायला बसलेलं नाही. ते फक्त क्रम लावतं, हे आधी आणि ते नंतर.

आपण म्हणतो तो अर्थ इंग्रजीला साध्या भूतकाळात पुरतो. आय वेन्ट टु पुणे यस्टरडे. झालं. आमच्या वर्गातल्या मंडळींना 'वेन्ट' उघडंवाघडं वाटतं, अंगावर शालबिल काही नाही असं. 'आय हॅड गॉन' कसं भारदस्त! काकांचं तर ठाम मत की, 'हॅड'ने वाक्याला वजन येतं. मी त्यांना सांगते, काका, दर वेळी मागे डॉक्टर उभा करा, मग म्हणा. ते हसतात आणि पुढच्या वाक्यात परत 'आय हॅड' म्हणतात.

'हॅड'चं एकवेळ ठीक आहे. दोन घटना, एक पुढे एक मागे, चित्र काढून दाखवता येतं. खरा घोळ 'हॅव'चा. तिथे घटना एकच असते आणि तरीही साधा भूतकाळ चालत नाही, आणि का चालत नाही ते कुणी सांगत नाही. पुस्तकं म्हणतात, क्रिया नुकतीच पूर्ण झाली असेल तर प्रेझेंट परफेक्ट वापरा. नुकतीच म्हणजे किती? माणूस चंद्रावर पन्नास वर्षांपूर्वी जाऊन आला तरी 'मॅन हॅज वॉक्ड ऑन द मून' म्हणतात, आणि पाच मिनिटांपूर्वी प्यायलेल्या चहाला, 'पाच मिनिटांपूर्वी' हे शब्द आले रे आले की, 'हॅव' चालत नाही. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' चूक. 'मी त्याला काल पाहिलंय' मात्र मराठीत सुखाने नांदतं. 'मी १९९४ साली दहावी पास झालो आहे' यातही आपल्याला खटकण्यासारखं काही नाही, म्हणून ते जसंच्या तसं अर्जात जातं आणि 'आय हॅव पास्ड एसएससी इन १९९४' होतं.

मला हे उमगलं ते घरातल्याच एका वाक्यामुळे. खरं तर ते वाक्य मी रोज ऐकत होते. आमच्याकडे जेवायला हाक मारली की वेगवेगळ्या खोल्यांतून उत्तरं येतात. 'माझं व्हायचंय.' 'माझं झालंय.' 'थांब, माझं एवढं वाचून होऊ दे.'

माझं झालंय. माझं जेवून झालंय, माझं पत्र लिहून झालंय, माझं पुस्तक वाचून झालंय. या वाक्यांत 'मी' कर्ता म्हणून पुढे येतच नाही. येतं ते 'माझं'. झालेली गोष्ट माझ्या मालकीची आहे, माझ्या खात्यावर जमा आहे. आणि इंग्रजीतलं 'हॅव' म्हणजे तरी दुसरं काय? जवळ असणं. आय हॅव अ पेन. आठवीत आम्हाला वाटायचं, एक हॅव पेनचं आणि एक हॅव काळाचं, दोन निरनिराळे शब्द असून योगायोगाने स्पेलिंग एक. तसं नाहीये. ते एकच 'हॅव' आहे.

शेकडो वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे स्पष्ट दिसायचं. तेव्हाच्या वाक्याची घडण साधारण अशी: माझ्याकडे मासा आहे, पकडलेला. म्हणजे 'आय हॅव द फिश कॉट'. आधी मासा, मग त्याचं विशेषण. आणि गंमत म्हणजे ते 'पकडलेला' तेव्हा माशाप्रमाणे बदलायचं. लिंग बदललं की शेवट बदलायचा, वचन बदललं की शेवट बदलायचा. पुढे ते प्रत्यय झिजले, शब्दांची जागा सरकली आणि 'आय हॅव कॉट द फिश' झालं. टोपलीतला मासा मागे गेला आणि पकडणारा त्याची गोष्ट सांगत पुढे आला. कोळीवाड्यात असंच होत असेल, पण ते असो.

हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले. कारण कर्माप्रमाणे बदलणारं क्रियापद म्हणजे आपला कर्मणी प्रयोग. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. खाणारी मी एकच, पण क्रियापद आंब्या-पोळीचं ऐकतं. संस्कृतात 'मया पत्रं लिखितम्', माझ्याकडून पत्र लिहिलेलं. त्या 'लिखितम्'सारख्या रूपांपासून आपला सगळा ल-वाला भूतकाळ आला आहे. म्हणजे आपलं साधं 'मी पोळी खाल्ली' हेही मुळात 'माझ्याकडून पोळी खाल्लेली' असंच आहे. इंग्रजांनी जे वाक्य 'हॅव'च्या खुंटीला टांगलं ते आपल्या पूर्वजांनी खुंटीशिवाय उभं केलं, आणि इंग्रजांच्या तोंडून जी लिंग-वचनाची आठवण पुसली गेली ती आपल्या पोळीने अजून धरून ठेवली आहे.

आणखी एक. जाणं-येणं-होणं अशा क्रियापदांना जुन्या इंग्रजीत 'हॅव' नव्हे, 'इज' लागायचं. १६११च्या बायबलच्या भाषांतरात ही रूपं जागोजाग आहेत: 'इज कम', 'इज रिझन'. तो आला आहे, तो उठला आहे. थेट मराठीच. अणुबाँबच्या पहिल्या चाचणीची आठवण सांगताना रॉबर्ट ओपेनहायमर गीतेतलं 'कालोऽस्मि' इंग्रजीत म्हणतात तेव्हा ते 'आय हॅव बिकम' म्हणत नाहीत, 'नाऊ आय ॲम बिकम डेथ' म्हणतात. अनेकांना ते अशुद्ध वाटतं. अशुद्ध नाही, जुनं आहे. 'मी काळ झालो आहे'. आमच्या सरांचं 'हॅव म्हणजे आहे' हे सूत्र त्या जुन्या 'आहे'जवळ जाऊन टेकतं, फक्त त्यांना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

तर आता मी वर्गात 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया' हे शब्द उच्चारतच नाही. मी विचारते, आत्ता तुमच्या हातात काय आहे? किल्ली हरवली आणि अजून सापडलेली नाही, तर आय हॅव लॉस्ट माय की. हातात काय आहे, तर हरवलेली किल्ली, म्हणजे बाहेर ताटकळणं. काल हरवली आणि संध्याकाळी सापडली, तर आय लॉस्ट माय की. चंद्रावर जाऊन येणं अख्ख्या मानवजातीच्या खात्यावर अजून जमा आहे, म्हणून हॅज वॉक्ड. आणि 'काल', '१९९४ साली', 'पाच मिनिटांपूर्वी' असं म्हटलं की तुम्ही स्वतःच हातातली वस्तू उचलून कॅलेंडरवर ठेवून दिली. आता ती तिथे आहे, हातात नाही. 'हॅव' कसं म्हणणार?

आमच्या नर्सबाईंना याची गरज सगळ्यांत जास्त होती. त्यांच्या सरावाच्या मुलाखतीत त्या म्हणाल्या, 'आय वर्क्ड इन आयसीयू फॉर सिक्स इयर्स.' व्याकरणात काडीची चूक नाही. पण ऐकणारा समजणार की, बाईंनी काम सोडलंय. त्या तर आदल्या रात्रीची ड्यूटी करून तशाच वर्गाला आल्या होत्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, 'आय ॲम वर्किंग सिन्स सिक्स इयर्स.' हे आपलं 'सहा वर्षांपासून काम करतेय'. मराठीत 'पासून' सोमवारलाही लागतं आणि सहा वर्षांनाही. इंग्रजीत सोमवारला 'सिन्स' आणि सहा वर्षांना 'फॉर'. शिवाय चालू असलेल्या कामाला आपण वर्तमानकाळच वापरतो. फ्रेंच आणि जर्मन लोकही तसंच करतात, तेव्हा यात आपणच काही मागासलेले नाही. इंग्रजीला मात्र त्या सहा वर्षांचं गाठोडं आत्ताच्या हातात द्यायचं असतं: आय हॅव वर्क्ड, नाहीतर आय हॅव बीन वर्किंग. बाईंनी ते वाक्य दहादा घोकलं आणि मग म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे एका हॅवसाठी माझी नोकरीच जात होती."

काकांची अडचण उलटी. ते एवढं सगळं शिकून फोनवर नातवाला विचारायचे, 'हॅव यू ईटन युवर लंच?' नातू न्यू जर्सीत वाढलेला. तो उलट विचारायचा, 'डिड यू ईट यट?' काका दुसऱ्या दिवशी येऊन तक्रार करत, "पोराचं व्याकरण कच्चं आहे. यट आलं की हॅव पाहिजे ना?" मी सांगितलं, अमेरिकेत बोलताना तसं चालतं, साहेबाच्या विलायतेत ते भुवया उंचावतील. काकांना ते पटलं नाही. मग म्हणाले, "तरी जेवलात का असं विचारतो, एवढं आहे." गावाकडे अजूनही रस्त्यात भेटलेला माणूस नमस्कार म्हणायच्या ऐवजी 'जेवलात का?' विचारतो. व्याकरण कुठलंही असो, ती चौकशी नातवाकडे पोचली होती.

हे सगळं शिकवताना मला दोन भाषणांचा फार उपयोग होतो. दोन्ही एकाच माणसाची, पंडित नेहरूंची, आणि दोन्ही इंग्रजीत. १४ ऑगस्ट १९४७च्या रात्री ते सुरुवात करतात: 'लाँग इयर्स अगो वी मेड अ ट्रिस्ट विथ डेस्टिनी.' फार वर्षांपूर्वी आपण नियतीशी करार केला. 'अगो' आलं म्हणून 'मेड'. गोष्ट कॅलेंडरवर ठेवली. साडेपाच महिन्यांनी, ३० जानेवारी १९४८ला संध्याकाळी, हातात कागद नसताना ते आकाशवाणीवर म्हणतात: 'द लाइट हॅज गॉन आउट ऑफ अवर लाइव्ज.' वेन्ट नाही, हॅज गॉन. दिवा विझला एवढंच नव्हे, तर विझून आत्ता अंधार आहे. 'अँड देअर इज डार्कनेस एव्हरीव्हेअर' हे पुढचं वाक्य त्या 'हॅज'मध्ये आधीच दडलेलं आहे.

पण वर्गात मी थांबते ते त्याच्या लगतच्या वाक्यावर. 'अवर बिलव्हेड लीडर, बापू ॲज वी कॉल्ड हिम.' आपण ज्यांना बापू म्हणायचो. कॉल्ड. गोळ्या झाडल्याला अजून काही तासच झालेले, आणि भाषेने बापूंना पलीकडे नेऊन ठेवलं सुद्धा.

भाषाशास्त्राच्या वर्गांत एक वाक्य फार चघळलं जातं. 'आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन.' आइन्स्टाइन प्रिन्स्टनला वीस-बावीस वर्षं राहिले, म्हणजे वस्तुस्थिती म्हणून ते खोटं नाही. तरी इंग्रजांच्या कानाला ते खुपतं, कारण आइन्स्टाइन १९५५ साली वारले. 'हॅज'ला हातात धरणारा माणूस लागतो. माणूसच नसेल तर खातं कुणाचं? मृताच्या नावावर 'हॅज'ने काही जमा करता येत नाही. 'प्रिन्स्टन'ला कर्ता करून वाक्य फिरवलं की मात्र चालतं. गाव अजून आहे ना.

मराठीत असं काही नाही. 'तुकोबांनी म्हटलं आहे' असं कीर्तनकार रोज म्हणतात आणि तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं झाली. 'ज्ञानेश्वरांनी सांगितलं आहे', 'आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे', 'माझ्या आजीने खूप सोसलंय'. आपलं 'आहे' माणूस आहे की नाही ते विचारत नाही. म्हटलेलं, लिहिलेलं, सोसलेलं आहे ना, मग पुरे. इंग्रजी बोलताना आपण जेव्हा 'ॲज तुकाराम हॅज सेड' म्हणतो तेव्हा चूक करतो, हे मी वर्गात सांगते. सांगताना फारशी जोरात सांगत नाही.

बाबा गेले त्याला आता दीड वर्ष होईल. डॉक्टर वेळेत आले होते. तासभर आधीच आले होते, पलंगाशेजारी उभे होते. त्यांच्या हातात करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं आणि ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. त्या रात्री मला आठवीतला तो रोगी आठवला, हे सांगायला थोडी लाज वाटते. डॉक्टर आधी आले, म्हणजे हॅड लागत नाही, असं काहीतरी डोक्यात येऊन गेलं. माणसाचं डोकं अशा वेळी कुठेही जातं.

नंतर महिन्याभराने बँकेची कागदपत्रं निघाली. मुख्य कार्यालयाला पत्र इंग्रजीत हवं होतं. आई समोर बसून कोथिंबीर निवडत होती आणि मी लॅपटॉपवर टाइप करत होते. सवयीने बोटं चालली: 'माय फादर हॅज बीन अ कस्टमर ऑफ युवर बँक सिन्स १९७८.' पूर्णविराम दिला आणि वाचलं. माझ्यासमोर हे वाक्य कुणी वहीत लिहून आणलं असतं तर मी लाल पेनने 'हॅज बीन'खाली रेघ मारली असती. 'सिन्स'ही गेलं असतं, कारण 'सिन्स' आजपर्यंत चालत येतं. 'वॉज' करायचं, 'फ्रॉम १९७८' करायचं, आणि पुढे 'अनटिल' लिहून तारीख घालायची. एवढंच काम होतं. कर्सर लुकलुकत होता.

"काय अडलं?" आईने विचारलं.

"काही नाही. बाबांचं लिहितेय, किती वर्षं खातं होतं ते."

"लिही की. आणि हेही लिही, त्यांनी कधी कुणाचा रुपया बुडवलेला नाही."

बुडवलेला नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती देठं वेगळी करत होती, वाक्यात काही विशेष बोलली आहे असं तिच्या गावीही नव्हतं. घराच्या कर्जाचे हप्ते, वाण्याचं बिल, मित्राकडून माझ्या फीसाठी घेतलेले आणि सहा महिन्यांत फेडलेले पैसे, सगळं त्या 'नाही'मध्ये आत्ता, या स्वयंपाकघरात शाबूत होतं. इंग्रजीत याला 'नेव्हर' आणि साधा भूतकाळ. बरोबर झालं असतं. बँकेला त्याची गरजही नव्हती.

मी 'हॅज बीन' खोडलं. 'वॉज' केलं, तारीख घातली, 'युवर्स फेथफुली' लिहिलं. आईचं वाक्य पत्रात घातलं नाही. लॅपटॉप मिटला तेव्हा सव्वानऊ झाले होते.

"तुझं जेवून झालंय का गं?" मी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "व्हायचंय अजून. तूही ये."